जुनापाणीची शिळावर्तुळे आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनी दिघोरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी बाहेरगावचा कोणी वक्ता बोलावण्याची आपली प्रथा आहे. यंदा समितीने ठरवले की, आपल्यातलेच लोक जुनापाणीला जाऊन आले, त्यांनीच काय पाहिले ते सांगावे. राईस मिलमध्ये कट्टे वाहणारा माणूस पुरातत्त्वावर काय बोलणार, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. पण हा विषयच मुळात दगड वाहणाऱ्या माणसांचा आहे. म्हणून माझा थोडा अधिकार पोचतो, असे मी समजतो.

जुनापाणी हे नागपूरच्या पश्चिमेला, काटोल रोडवर असलेलं लहानसं गाव. माघ पौर्णिमा झाल्यावर पुढच्या रविवारी आम्ही अकरा जण निघालो. सात पुरुष, तीन बाया आणि आठवीतला एक पोरगा. पहाटेच्या गाडीनं पवनी, भिवापूर, उमरेड करत नागपूर गाठलं. तिथून काटोल रोडला लागलो. त्या रस्त्यावर शहर संपता संपता एक वस्ती लागते, तिचं नाव गिट्टीखदान. नाव लक्षात ठेवा. काळ्या दगडाच्या मुलखात दगडाचं काय होतं, ते त्या नावातच आलं.

जागेवर पोचलो तेव्हा आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "एवढंच हाये का जी?" त्यांचं खरं होतं. अजिंठ्याला लेणी दिसतात, सांचीला स्तूप दिसतो. इथं उघडं माळरान, खुरटी झुडपं आणि गवतात बसलेले काळे धोंडे. पण थोडं चालून एका उंचवट्यावर उभं राहिलं की डोळा बसतो. एक धोंडा, त्याच्या बाजूला दुसरा, मग तिसरा, आणि पाहता पाहता गोल पुरा होतो. त्याच्या पलीकडे आणखी एक गोल. त्याच्या पलीकडे आणखी. जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे ३०० वर्तुळे असल्याची नोंद आहे. आम्ही दुपारपर्यंत फिरलो, आणि मोजता मोजता कंटाळून मोजणं सोडून दिलं.

आता माझ्या धंद्याचा हिशेब सांगतो. आम्ही एक वर्तुळ निवडलं. आरपार चौदा पावलं भरलं, म्हणजे पस्तीस फुटांच्या आसपास. त्यात तेवीस दगड होते. एका मधल्या आकाराच्या दगडाला टेप लावला. लांबी ३ फूट, रुंदी २ फूट, जाडी दीड फूट. काळ्या दगडाचा एक घनफूट ८० किलोच्या आसपास भरतो. कोपरे गोल झालेले, म्हणून बरंच वजा धरलं तरी तो एकटा दगड पाच क्विंटलच्या खाली येत नाही. पन्नास किलोचे दहा कट्टे! लहानमोठे धरून अख्खं वर्तुळ ऐंशी-नव्वद क्विंटल, म्हणजे जवळपास एक ट्रक धान. फरक एवढाच की कट्टा पाठीवर घेता येतो, त्याला कान असतात. पाच क्विंटलच्या धोंड्याला कान नसतात. त्याला सब्बल लावा, खाली लाकडं घाला, दोर बांधा, पुढून ओढा, मागून रेटा. एका दगडाला दहा-बारा माणसं पाहिजेत, आणि त्या माणसांना दिवसभर जेऊ घालणारं कोणी पाहिजे. हे काम एका घरचं नाही. गाव गोळा झाल्याशिवाय ते होत नाही. ज्याने कधी ओझं उचललं नाही तो त्या गोलाकडे पाहून पूजा म्हणेल, जादू म्हणेल. मला तिथं आधी गावाचा वर्गणीचा हिशेब दिसला.

ही वर्तुळे म्हणजे प्राचीन दफनस्थळे आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १००० ते ३०० या काळात विदर्भातले लोक आपल्या मृतांसाठी ती उभारीत. मृताच्या अस्थी, सोबत मडकी आणि लोखंडाच्या वस्तू ठेवायच्या, वर काळी माती आणि दगडगोट्यांची भर घालायची आणि भोवती मोठ्या शिळांचं कडं करायचं, अशी ती पद्धत. जुनापाणीच नाही, तर माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर-हिंगणा अशी कितीतरी स्थळे नागपूरच्या भोवती आहेत.

याचा शोध घेणाऱ्यांच्या गोष्टीही ऐकण्यासारख्या आहेत. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते पाद्री स्टीफन हिस्लॉप. १८६३ साली टाकळघाटची वर्तुळे पाहून परत येताना नाल्याच्या पुरात बुडून ते मरण पावले. त्या कॉलेजात शिकलेल्या आपल्या कित्येक पोरांना हे माहीत नसेल. त्यांच्या नंतर रिव्हेट-कार्नाक नावाचा इंग्रज अधिकारी आला. तो होता कापसाचा कमिशनर, पण नाद दगडांचा. त्यानं जुनापाणीची वर्तुळे उकरली आणि १८७९ मध्ये त्यावर लेख छापला. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. ते त्यानं टिपले आणि विलायतेतल्या दगडांवरही असेच खळगे असतात, असं दाखवलं. आम्हीही ते खळगे पाहिले. आठवीतल्या पोरानं बोट घालून मोजले. अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी मोजमाप करून सांगितलं की, असे खळग्यांचे दगड वर्तुळात ठराविक दिशांनाच येतात. त्याचा संबंध सूर्याच्या उगवतीशी, ऋतूंशी असावा, असा त्यांचा तर्क आहे. शेती करणाऱ्याला दिशा आणि ऋतू पाहिजेच, म्हणून मला तो तर्क पटण्यासारखा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बा. कृ. थापर यांनी इथली तीन वर्तुळे शास्त्रशुद्ध खोदली. नंतर नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड ही स्थळे खोदून काढली. काय निघालं? काळी-तांबडी मडकी. लोखंडाच्या कुऱ्हाडी, त्यांना दांडा घट्ट बसावा म्हणून लोखंडाच्याच आडव्या पट्ट्या. छिन्न्या, वाकस, कट्यारी. तांब्याची झाकणाची भांडी, आणि झाकणाच्या टोकावर बसलेला पक्षी. माहुरझरीला अकीकाचे मणी आणि सोन्याचे दागिने. आणि घोडे! मृतासोबत घोडा पुरलेला, त्याच्या तोंडात लोखंडी लगाम, कपाळावर तांब्याचा साज.

नायकुंडला पेंच नदीच्या काठी लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. बाकदार विटांची, हवा आत सोडायच्या मातीच्या नळ्यांसहित. मित्रहो, अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी ती भट्टी. भात्यावर बसून रात्रभर हवा मारणारा कोणी तरी होता. मळ बाजूला काढणारा होता, कोळसा पाडणारा होता. आपल्याकडे इतिहास म्हटला की राजा आणि त्याची तलवार. तलवारीचं लोखंड कोणी गाळलं, हे पुस्तकात येत नाही. नायकुंडच्या भट्टीनं ते पुढे आणलं.

आणि याच ठिकाणी मला एक गोष्ट खटकली, ती बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घोडा आणि सोनं ज्याच्यासोबत पुरलं तो माणूस साधा नव्हता. मग पाच-पाच क्विंटलचे दगड ओढणारा मेला तेव्हा त्याच्यासाठी कोणी दगड ओढले का? भट्टीवाल्याचं वर्तुळ कुठं आहे? म्हणून त्या काळाला सोन्याचा काळ म्हणायची माझी तयारी नाही. प्राचीन म्हणजे चांगलंच, हा समज आपण दुसऱ्यांना सोडून द्यावा.

परतीच्या गाडीत चर्चा पेटली. आमच्यातल्या दोन-तीन तरुणांचं म्हणणं असं की, हे स्तूपच होत. मध्ये उंचवटा, भोवती दगडाचं कडं. स्तूपालाही अंड असतं आणि भोवती वेदिका असते. एक जण म्हणाला, "काका, बाबासाहेबांनी सांगितलं नं, नागपूर म्हणजे नाग लोकाईचा मुलूख. मग हे नागाईचेच स्तूप." जाताना पुढच्या वेळी पंचशील ध्वज न्यावा आणि तिथं रोवावा, इथपर्यंत गोष्ट गेली.

या प्रश्नावर मी त्या पोरांशी भिवापूरपर्यंत भांडलो. आज इथंही तेच सांगतो. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगितलं की, या भूमीत नाग लोक राहत आणि त्यांनी बुद्धाचा धम्म पसरवला. ते आपल्याला शिरोधार्य आहे. पण जुनापाणीच्या दगडांवर एकही अक्षर नाही. तिथं पुरलेल्या माणसाचं नाव, कूळ, धर्म सांगणारा लेख नाही. आणि त्यातली पुष्कळशी वर्तुळे तथागतांच्या जन्माच्या आधीची आहेत. जे बुद्धाच्या आधी उभं राहिलं ते बौद्ध कसं होईल? दुसरे लोक आपल्या लेण्यांना पांडवांची लेणी म्हणतात, बुद्धमूर्तीला शेंदूर फासून तिचं नाव बदलतात, तेव्हा आपल्या छातीत कळ येते. मोर्चे काढतो, निवेदनं देतो. मग पुराव्याशिवाय दुसऱ्याच्या थडग्यावर आपला झेंडा रोवायचा, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

आणि आपल्याला असं ओढूनताणून आणायची गरज तरी काय? आपला पुरावा आपल्या पायाशी आहे. पवनीला जा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची टेकडी खोदली. डॉ. देव आणि श्री. जगतपती जोशी यांच्या देखरेखीखाली ते काम झालं. दोन्ही टेकड्यांखालून स्तूप निघाले. वेदिकेचे खांब निघाले, त्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली. मुचलिंद नागाचं शिल्प निघालं. तिथं अक्षर आहे, शिल्प आहे, म्हणून तिथं आपण छातीठोकपणे बोलू शकतो. गावाचा मातीचा तट आणि खंदक आजही दिसतो. आपली किती घरं पवनीला बाजाराला जातात आणि टेकडीवर न जाता परत येतात, हे ज्याचं त्यानं आठवावं.

आता कोणी म्हणेल, ती वर्तुळे बौद्ध नाहीत तर आपल्याला त्यांचं काय देणंघेणं? उलट मी म्हणतो, म्हणूनच देणंघेणं आहे. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या गणराज्याची गोष्ट येते. वज्जी लोकांची हानी होणार नाही, याची सात कारणं तथागत सांगतात. एकत्र बसून विचार करणं, स्त्रियांवर जबरदस्ती न करणं ही त्यांतली आपण नेहमी ऐकतो. पण एक कारण असं आहे की, वज्जी आपल्या राज्यातल्या चैत्यांचा मान राखतात आणि पूर्वीपासून चालत आलेलं त्यांचं जे काही असेल ते बंद पडू देत नाहीत. ती चैत्यं बौद्ध नव्हती, ती आधीपासूनची लोकांची पवित्र ठिकाणं होती. वैशालीच्या उदेन, गोतमक, चापाल अशा चैत्यांची नावं घेऊन ती ठिकाणं रमणीय आहेत, असंही तथागत आनंदाला सांगतात. तथागतांना त्यांवर आपलं नाव घालावंसं वाटलं नाही आणि ती मोडावीशीही वाटली नाहीत.

दूरदेशीचं एक उदाहरण माझ्या वाचनात आलं, ते सांगतो. पॅसिफिक महासागरात पॉलिनेशियन लोकांची बेटं आहेत. त्यांतल्या राइआतेआ बेटावर समुद्रकाठी तापुतापुआतेआ नावाचं जुनं ठिकाण आहे. दगडांचं फरसबंद अंगण, एका टोकाला मोठ्या शिळांचा चौथरा. अशा ठिकाणाला ते लोक 'मराए' म्हणतात. होड्या घेऊन हजारो मैल समुद्र तुडवणारे त्यांचे पूर्वज तिथं जमत. नव्या बेटावर मराए बांधायचा तर इथला एक दगड घेऊन जात, अशी त्यांची परंपरा आहे. संघमित्रेनं बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेला नेली, त्याची आठवण मला झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथले लोक ख्रिस्ती झाले, जुनी पूजा सुटली. पण धर्म बदलला म्हणून आजोबा-पणजोबांची जागा परकी झाली, असं तिथल्या आजच्या लोकांनी मानलं नाही. ते जागा साफ ठेवतात, आल्यागेल्याला माहिती सांगतात. २०१७ मध्ये युनेस्कोनं ते ठिकाण जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

आपणही धर्म बदललेली माणसं आहोत. पण तिथल्यांना माहीत आहे की आपण कोणाची लेकरं. जुनापाणीच्या मृतांचं तसं नाही. त्यांच्यावर हक्क सांगायला कोणी येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी भांडायलाही कोणी येत नाही. आम्ही फिरत असताना शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, "काय पाहाले आले जी? तुमचे कोणी हायेत का इथं?" आमच्यातल्या कोणालाच पटकन उत्तर सुचलं नाही. शेवटी आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "माय, आमचे नाहीत म्हनूनच पाहाले आलो." म्हातारी हसली, पण मला ते बोलणं आजही पुरतं.

या राखणीत काय काय आडवं येतं, तेही ऐका. जुनापाणीची जागा केंद्र शासनाची संरक्षित आहे. पण विदर्भातली सगळीच वर्तुळे काही तशी नाहीत. कितीतरी वर्तुळे कोणाच्या वावरात, कोणाच्या धुऱ्यावर, कोणाच्या ले-आउटमध्ये आहेत. नांगराला आडवा येतो म्हणून दगड काढून धुऱ्यावर टाकतात. घराच्या पायव्याला घालतात. रस्त्याचं काम निघालं की गिट्टी होते. जेसीबीला एक वर्तुळ सपाट करायला अर्धा तास पुरतो. वावर ज्याचं आहे त्याला मी एकदम दोष देणार नाही. चार एकरांत दोन वर्तुळे असली तर त्याचं पीक बुडतं आणि त्याच्या हाती कोणी काही देत नाही. दोष त्यांचा, ज्यांना माहीत असून जे गप्प बसतात.

कायदा आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यात २०१० साली झालेली दुरुस्ती. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय करता येत नाही. स्मारकाची मोडतोड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणखी एक जुना कायदा १८७८ चा आहे, जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू खोदताना निघाली तर कलेक्टरला कळवावं लागतं. शेततळं, बोडी, घराचा पाया खोदताना मडकं-लोखंड निघालं तर ते फोडून पाहू नका आणि भंगारवाल्याला देऊ नका.

हे सांगायचं कारण असं की, परत आल्यावर समितीच्या बैठकीत एक सूचना आली होती. पुढच्या खेपेला जुनापाणीचा एक लहान दगड आणून विहाराच्या आवारात, बोधिवृक्षाच्या पारावर ठेवावा, आठवण म्हणून. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगला होता. मी विरोध केला. पॉलिनेशियातले लोक आपल्या आजोबांच्या घरचा दगड मान राखून नेत होते. आपण नेला तर ती चोरी, कायद्यानं आणि शीलानंही. 'अदिन्नादाना वेरमणी' आपण रोज म्हणतो. ज्यानं दिला असता तो मातीखाली आहे. बैठकीत थोडी गरमागरमी झाली, पण ठराव मागे घेतला गेला, हे समितीच्या मोठेपणाला शोभून दिसलं. दगडाच्या ऐवजी आठवीतल्या पोरानं काढलेलं वर्तुळाचं चित्र विहारात लावलं आहे. तेवीस दगड, मोजून. जाताना सगळ्यांनी पाहावं.

आता शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्याचा. अशी महापाषाणकालीन स्थळे फक्त नागपूरच्या बाजूलाच आहेत असं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या तिलोता खैरी आणि पिंपळगाव या गावांची नावे अभ्यासकांच्या जुन्या याद्यांत आहेत. तिथं उभ्या शिळा रोवून वर आडवी शिळा ठेवलेली, घरासारखी रचना असल्याचं लिहिलेलं आहे. यादी जुनी आहे. आज जागेवर काय उरलं आणि काय गेलं, हे कोणी तरी जाऊन पाहिलं पाहिजे. आपणच का जाऊ नये?

म्हणून असं ठरवलं आहे. धानाची कापणी आणि मळणी आटोपली, मिलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आठ-दहा दिवस उसंत मिळते, त्यातल्या एका रविवारी निघायचं. पंधरा माणसांची नावं पाहिजेत, त्यांत निदान पाच बाया आणि पाच विद्यार्थी. आधी सरपंच आणि वावराचा मालक यांना भेटायचं, त्यांना विचारूनच आत पाय ठेवायचा. टेप, वही, पेन, मोबाईलचा कॅमेरा सोबत घ्यायचा. खडू, रंग, अगरबत्ती, झेंडा काहीही न्यायचं नाही. दगड हलवायचा नाही, खाली उकरायचं नाही. प्रत्येक दगडाचा नंबर, माप आणि फोटो वहीत लिहायचा आणि त्याची एक प्रत नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला, एक कलेक्टर साहेबांना आणि एक विहाराच्या वाचनालयात ठेवायची. जेवणाचे डबे ज्याचे त्याने आणावे, पाण्याचा कॅन समिती देईल. नावं आज खिचडीदानानंतर माझ्याकडे द्यावीत, मी पाराजवळ वही घेऊन बसलो आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!